जुना ताणा कापू नये

आंधळगाव,
२२ सप्टेंबर २००८

रंजिताताई,

तुझ्या ऑफिसचं पाकीट शनिवारी पोचलं. आत मुंबईच्या पेटंट ऑफिसचा आदेश होता. तो मी आधी सरळ वाचला, मग शब्दकोश घेऊन वाचला. दोन्ही वेळा अर्थ एकच निघाला. अर्ज नाकारला आहे.

मला राग कशाचा आला ते सांगतो. अर्जात वस्तू दोन होत्या. एक बाबांची कातणी. पायानं पट्टी दाबली की लाकडी रूळ फिरतो, त्यामुळे आईला रेशमाच्या कोशाचं सूत उघड्या मांडीवर वळावं लागत नाही. दुसरा कुंदनकाकांचा तोल. मागाच्या पाठीमागं लावायची ही वजनाची पट्टी. विणत गेलं की ताणा, म्हणजे उभे धागे, आपोआप सुटत जातो, दोर सैल करायला विणकराला उठावं लागत नाही. आदेशात पानंच्या पानं कातणीवर आहेत. जपानमध्ये कोणीतरी असंच यंत्र फार पूर्वी केलं होतं, त्याचं चित्रही जोडलं आहे. तोलाबद्दल फक्त एवढंच की हा वेगळा शोध आहे, एका अर्जात दोन शोध चालत नाहीत, हे पूर्वीच कळवलं होतं. म्हणजे तोलात खोट आहे असं कोणीच म्हटलं नाही. कातणीच्या गाडीत बसला होता, म्हणून कातणीबरोबर त्यालाही उतरवलं.

ते पूर्वी कळवलं होतं तेव्हाच तुझ्या ऑफिसच्या मधुकरराव वकीलसाहेबांनी दोन अर्ज का केले नाहीत? त्यांनी उत्तर दिलं होतं की कोशापासून कापडापर्यंत सगळी एकच साखळी आहे. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पण मी अकरावीतून शाळा सोडलेला, त्यांना काय सांगणार?

बाबांनी जपानचं चित्र पाहिलं आणि त्यांना चक्क आनंद झाला. आईला बोलावून दाखवलं. म्हणाले, "हा माणूस आपल्यावानीच इचार करून राहिला होता." मी म्हटलं, बाबा, अर्ज गेला आपला. तर म्हणाले, "त्यानं पहिले केलं तं त्याचंच हाय न."

कातणीचं मला तितकं दुःख नाही. पण मोहाडीच्या बाजारात नागपूरच्या कोणत्यातरी कारखान्याचा तोल विकायला आला आहे. पत्र्याचा आहे, पण आहे काकांचाच. वर कारखान्याचं नाव छापलेलं. आमच्या शेजारच्या श्रावणभाऊंनी एक आणला, आणि तो कसा लावायचा हे मलाच समजावून सांगितलं. ताई, काका माग सोडून जवाहरनगरच्या कारखान्यात लागले तेव्हापासून लोक त्यांना लोखंडवाला म्हणतात. बाबांचा गुडघा गेला, तेव्हा काकांनी सुट्टीच्या दिवशी बसून हा तोल बनवला. मागाला त्यांनी दिलेली तेवढी एक गोष्ट आहे. तीही दुसऱ्याच्या नावावर जाणार का, एवढंच मला विचारायचं आहे.

फोन करू नकोस. फोन बाबा उचलतात आणि मला सांगेपर्यंत त्याचं दुसरंच काही होतं. लिहून पाठव.

चंद्रकुमार


नागपूर,
३ ऑक्टोबर २००८

चंद्रकुमार,

तोल कदाचित वाचेल. त्याचा वेगळा अर्ज करता येतो. मूळ अर्जातूनच फोडून काढायचा असल्यामुळे त्याला मूळ अर्जाचीच तारीख मिळते, म्हणजे नागपूरच्या त्या कारखान्याच्या कितीतरी आधीची. पण अशी फोड मूळ अर्ज जिवंत असतानाच करता येते, आणि आपला अर्ज तर नाकारला गेला आहे.

नाकारलेला अर्ज मेला असं केव्हा धरायचं, यावर साहेबांच्या ओळखीच्या वकिलांमध्येही एकमत नाही. साहेबांचं म्हणणं असं. नकाराविरुद्ध अपील करायला तीन महिने असतात. अपील करावं, म्हणजे नकार अजून पक्का झालेला नाही असं म्हणता येईल. आणि अपील उभं असतानाच तोलाचा अर्ज द्यावा. साखळीच्या बाबतीत आपला अंदाज चुकला, हे त्यांनी मान्य केलं. फी घेणार नाहीत म्हणाले.

मावसाजींसाठी मागाच्या भाषेत सांगते. साडीचा ताणा संपत आला की ते काय करतात? जुन्या ताण्याचं उरलेलं शेपूट मागाच्या फणीत तसंच राहू देतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला सांधतात. ते शेपूट आधीच ओढून काढलं तर नवा ताणा कशाला सांधणार? अपील म्हणजे जुनं शेपूट फणीत ठेवणं. तोलाचा अर्ज म्हणजे नवा ताणा. हे त्यांना वाचून दाखव, लगेच समजेल.

दोन्ही कागदांवर दोघा भावांच्या सह्या लागतील, कारण अर्ज दोघांच्या नावावर आहे. मावशीला माझा नमस्कार.

रंजिता


आंधळगाव,
२४ ऑक्टोबर २००८

ताई,

सह्या झाल्या. कागद सोबत आहेत.

तुझं सांधणीचं उदाहरण बाबांना इतकं आवडलं की त्यांनी ते गल्लीत चौघांना सांगितलं. पण अपिलाच्या कागदावर ते अडले. त्यात लिहिलं आहे की माझी कातणी नवीन आहे. बाबा म्हणाले, "मंग त्या जपानवाल्याले काय म्हनू?" मी म्हटलं, हे कातणीसाठी नाही, तोलासाठी आहे. तर म्हणाले, "मंग तोलाचं नाव लिवा न." पुन्हा सगळी सांधणी समजावून सांगितली, तेव्हा कुठे सही केली. तीही अशी की जणू दुसऱ्याच्या घराच्या कागदावर करून राहिले.

कुंदनकाकांसाठी जवाहरनगरला गेलो. फाटकाच्या आत जाऊ देत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर उभा राहिलो. काका डबा घेऊनच आले. कागद पाहून म्हणाले, "काहून बे, लग्न जमलं का तुयं?" मी वाचून दाखवायला लागलो तर हात धरला. "भाऊनं केली न सही? मंग मी कायले वाचू?" आणि केली. मला हे अजिबात आवडलं नाही. माणसानं काय लिहिलंय ते वाचून सही करावी.

एक प्रश्न आहे, त्याचं सरळ उत्तर दे. अपील जिंकणार का?

चंद्रकुमार


नागपूर,
११ फेब्रुवारी २०११

चंद्रकुमार,

इतक्या दिवसांत कळवण्यासारखं काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आता घडलं आहे.

तोलाच्या अर्जाची तपासणी झाली. गंमत अशी की तोलाच्या नवेपणावर एकही आक्षेप नाही. आक्षेप फक्त त्याच्या जन्मावर आहे. अधिकाऱ्यांचं म्हणणं, हा अर्ज दिला त्या दिवशी मूळ अर्ज नाकारलेला होता. साहेबांनी उत्तर दिलं की अपील आदल्या दिवशीच दाखल झालं होतं. त्यावर ते म्हणाले, ठीक आहे, अपिलाचा निकाल पाहू. अपिलात नकार रद्द झाला तर मूळ अर्ज मधल्या काळातही जिवंतच होता असं धरता येईल आणि तोल सुखरूप. रद्द झाला नाही तर मेलेल्या अर्जातून दुसरा निघाला, असा प्रश्न उभा राहील. तोपर्यंत ते थांबायला तयार आहेत. माणूस समंजस वाटला.

म्हणजे आता सगळं अपिलावर आहे. चेन्नईच्या अपील मंडळासमोर मावसाजींचं एक शपथपत्र द्यायचं आहे, की त्यांची कातणी जपानच्या यंत्रापेक्षा कशी वेगळी आहे. मसुदा पाठवते. सही करून लवकर पाठव.

रंजिता


आंधळगाव,
२ मार्च २०११

ताई,

शपथपत्र बाबांकडे दिलं आहे. सही होईल.

पण मी तुला मागच्या वेळी एक प्रश्न विचारला होता. अपील जिंकणार का? त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. मी तुझी पत्रं जपून ठेवतो, त्यामुळे तू काय लिहिलंस आणि काय लिहिलं नाहीस, दोन्ही माझ्यासमोर आहे.

इथं लोक आम्हाला पेटंटवाले म्हणतात. श्रावणभाऊ भेटले की विचारतात, "काय पेटंट, पावलं का?" नागपूरचा तो पत्र्याचा तोल आता आंधळगावात बऱ्याच मागांना लागला आहे. परवा मोहाडीच्या बाजारात एकानं काकांनाच तो विकायला काढला. काकांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्याला सांगितलं की इथला खिळा एक बोट पुढं घे, मग चांगला चालेल. तो माणूस खूश. मी बाजूला उभा राहून दातओठ खात राहिलो.

मला हे समजत नाही. ज्या वस्तूत खोट आहे असं कोणी म्हणत नाही, ती अडून बसली आहे. जी वस्तू दुसऱ्यानं आधी केली आहे, तिच्यासाठी आपण भांडून राहिलो. आणि भांडण थांबवलं की चांगली वस्तूही जाते. हे कोणाला सांगावं तर पूर्ण ऐकून घ्यायलाही कोणी तयार नाही.

चंद्रकुमार


नागपूर,
१५ मार्च २०११

चंद्रकुमार,

विचारलंस तर सांगते. कातणीला पेटंट मिळेल असं साहेबांना वाटत नाही. पण पूर्ण जिंकायची गरजही नाही. आपलं शेवटचं उत्तर आमच्याच ऑफिसातून उशिरा गेलं होतं, म्हणून ते विचारातच घेतलं गेलं नाही. तेवढ्यावर मंडळ म्हणालं की हे प्रकरण पुन्हा ऐका, तरी नकाराचा आदेश पुसला जातो आणि मूळ अर्ज पुन्हा जिवंत होतो. आपल्याला तेवढंच पाहिजे. मूळ अर्ज जगवायचा तो तोलासाठी.

शपथपत्राची वाट पाहते आहे.

रंजिता


आंधळगाव,
१० जून २०११

बाई रंजिता,

तुले आशीर्वाद. हे पत्र मी सोता लिवून राहिलो. चंद्रकुमारले सांगितलं नाई. तो आजकाल माझ्यावर चिडून राहते, पोराची भूक बी कमी झाली.

तू पहिले सांधनीचं जे लिवलं होतं, ते मले पक्कं ध्यानात हाय. या साऱ्या कागदपत्रात मले तेवढंच समजलं, आन् ते तू लय बेस लिवलं. पन पोरी, त्याच्या पुढचं तुले कोणी सांगितलं नसन. सांधनी झाली, गाठी फनीतून पुढं निघाल्या, का जुनं शेपूट आमी कापून टाकतो. ते ठेवलं तं नव्या साडीले जुन्याचा झुपका लटकून राहते, कापड गुंडाळता येत नाई. तोलाचा अर्ज लागला, त्याले नंबर भेटला, साहेबानं वाचला बी. म्हंजे गाठी फनीतून निघाल्या. मंग ते जुनं कायले लटकत ठेवाचं?

दुसरी गोठ. तुया साहेबाचं शपथपत्र तीन महिने माझ्या उशीखाली होतं. त्यात लिवलं हाय का माझी कातनी जपानच्या कातनीहून येगळी. मी ते चित्र लय डाव पाह्यलं. तिची पट्टी डाव्या पायाची हाय, माझी उजव्या पायाची, काहून का तुया मावशीचा डावा पाय दुखते. तेवढंच. त्याच्यावर मी शपथ कशी घेऊ? बाई समोर बसून रोज ती कातनी चालवते.

म्हून मी चेन्नईच्या मंडळाले रजिस्टर पोस्टानं लिवून पाठवलं का अपील वापस घेतो. कुंदननं बी सही केली. आता तोल मोकळा झाला. चंद्रकुमारले तूच सांग, तुयं तो ऐकते. त्याले आनंद होईन.

साहेबाले आमच्यापायी तरास झाला, त्याईले माझा नमस्कार.

तुया मावसाजी
बाबूलाल


नागपूर,
१८ जून २०११

चंद्रकुमार,

मावसाजींचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे वाच. आणि दोन्ही घराबाहेर बसून वाच.

मी ते ऑफिसात उभ्यानं वाचत होते, वाचता वाचता खालीच बसले. गाठी फणीतून निघाल्याच नव्हत्या, चंद्रकुमार. अडकून होत्या. अपील असं मागे घेतलं तर नकाराचा आदेश जसा होता तसा राहतो, त्याला कोणी हात लावलाच नाही असं होतं. मग अधिकारी विचारतील की तोलाचा अर्ज दिला त्या दिवशी मूळ अर्ज कुठे जिवंत होता? सांधणीचं उदाहरण मी दिलं. सांधणीनंतर जुनं कापून टाकतात हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात मागावर बसले नाही.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि अपिलाची फाइल मागवली.

एक वाट आहे. अपील दोघांच्या नावावर आहे. कुंदनकाकांनी लिहून दिलं की माझी सही गैरसमजातून झाली, मला अपील मागे घ्यायचं नाही, तर मंडळासमोर काही म्हणता येईल. मंडळाचा आदेश व्हायच्या आत पाहिजे. ताबडतोब जवाहरनगरला जा.

तुझी शपथ घेऊन सांगते, पुन्हा मागाचं उदाहरण मी कोणाला देणार नाही.

रंजिता


आंधळगाव,
२७ जून २०११

ताई,

काकांनी लिहून दिलं नाही.

मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. करुणाताई, त्यांची मुलगी, माहेरी आली होती, तिनं चहा केला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. काकांना या वेळी समजलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कपातला चहा त्यांनी तसाच ठेवला. मग म्हणाले, "भाऊनं जिथं सही केली त्याच्या उलट कागद मी नाई देनार." मी म्हटलं, काका, तोल तुमचा आहे. म्हणाले, "मी तो भाऊसाठी केला होता. भाऊच्या मागाले लागला हाय. अजून काय पाहिजे?" करुणाताईनं समजावलं, मी समजावलं. शेवटी मी रागात म्हटलं की मग बाजारात त्या कारखान्याच्या तोलाचे खिळे दुरुस्त करत बसा. हे बोलायला नको होतं. काका हसले, पण मला सोडायला बसपर्यंत आले नाहीत.

घरी येऊन बाबांशी भांडलो. मी त्यांना कधी उलट बोललो नव्हतो. म्हटलं, शपथपत्रावर सही करायची नव्हती तर मला सांगायचं होतं, मला वाटत होतं कागद नागपूरला गेला आहे. बाबा म्हणाले, तू इचारलं नाई, तू रोज तेवढं सांगत होता का सही करा. हे खरं आहे. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. बाबांनी मध्येच थांबवलं. "म्हंजे कुंदनचा तोल मी कापला?"

मी पत्राची घडी घातली. त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि मागावर जाऊन बसले. धोटा हातात, पण विणलं नाही. आई माझ्याकडे अशी पाहत होती की चूक मीच केली.

ताई, मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एक भाऊ खोटी शपथ घेत नाही. दुसरा भाऊ त्याची सही मोडत नाही. दोघांनाही वाईट म्हणता येत नाही, आणि दोघांनी मिळून घर बुडवलं. यांच्या चांगुलपणानं मी थकून गेलो.

चंद्रकुमार


नागपूर,
९ जानेवारी २०१२

चंद्रकुमार,

मंडळाचा आदेश आला. अपील मागे घेतलं म्हणून निकाली काढलं. आता तोलाच्या अर्जाची सुनावणी फेब्रुवारीत मुंबईला आहे. तारीख सोबतच्या नोटिशीत आहे.

साहेब एकाच मुद्द्यावर बोलणार आहेत. अर्ज दिला तो दिवस पाहा. त्या दिवशी अपील उभं होतं, म्हणजे नकार शेवटचा झालेला नव्हता. नंतर अपील मागे घेतलं ते नंतरचं. नंतरच्या गोष्टीनं आधीचा दिवस बदलत नाही. साहेब म्हणतात, मुद्दा चांगला आहे, पण चालेलच असं सांगता येत नाही. इतर देशांत यावर मोठे वाद झाले आहेत.

दोघांनाही घेऊन ये. आणि मावसाजींना सांग, विचारल्याशिवाय बोलू नका.

रंजिता


आंधळगाव,
५ मार्च २०१२

ताई,

सुनावणी झाली, ते तुला साहेबांकडून कळलंच असेल. माझ्याकडून वेगळं कळवतो.

जाताना गाडीत बाबा आणि काका समोरासमोर बसले होते. जूनपासून दोघांत बोलणं कमी होतं, भांडण नव्हतं, लाज होती. भुसावळ येईपर्यंत दोघं खिडकीबाहेरच पाहत होते. मग काकांनी बाबांच्या गुडघ्याखाली आपली पिशवी सरकवली. तेवढंच.

सुनावणीची खोली लहान होती. अधिकारी शांत होते. साहेब फार चांगलं बोलले, मला प्रत्येक वाक्य समजलं. त्या दिवशी अपील उभं होतं, हे त्यांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. अधिकारी लिहून घेत होते. मला वाटलं, जमतंय.

मग अधिकाऱ्यांनी बाबांकडे पाहून मराठीत विचारलं, "अपील मागे का घेतलं तुम्ही?" साहेब उत्तर देणार होते, पण प्रश्न बाबांना होता. बाबा उभे राहिले. म्हणाले, "साहेब, ती कातनी माझी नव्हती. जपानवाल्याची होती. तोल याचा हाय." आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

मधुकरराव साहेबांनी डोळे मिटले. मी जमिनीकडे पाहिलं. अधिकारी बाबांना बसा म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत दोघे भाऊ भाकरी खात बोलत होते, लहानपणी तलावात पोहताना कोणाचा सदरा वाहून गेला ते. मला एक घास गेला नाही. काका म्हणाले, "खाय बे, पेटंट." त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

चंद्रकुमार


नागपूर,
१९ एप्रिल २०१२

चंद्रकुमार,

तोलाचा अर्ज नाकारला. आदेश जोडला आहे. नीट लिहिलेला आहे, आकसानं लिहिला असं म्हणता येणार नाही. तोलासारखं पूर्वीचं काही सापडलं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण मूळ नकार कधीच रद्द झाला नाही, म्हणून तोलाचा अर्ज दिला त्या दिवशी मूळ अर्ज जिवंत नव्हता, असं त्यांचं मत पडलं.

याविरुद्धही अपील होतं. मुदत तीन महिने. या वेळी अपिलात कातणी नाही. प्रश्न एकच, अपील उभं असताना दिलेला अर्ज ते अपील नंतर मागे घेतल्यानं बाद होतो का. साहेब लढायला तयार आहेत. जिंकू असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पुन्हा वर्षं जातील.

सह्या दोघांच्या लागतील. मावसाजींना कसं सांगायचं ते तू ठरव. मी काही समजावणार नाही.

रंजिता


आंधळगाव,
६ मे २०१२

ताई,

सह्या केलेले कागद सोबत आहेत. कसं झालं ते लिहितो, म्हणजे पुढं कोणाचा गैरसमज राहणार नाही.

मी बाबांना काही समजावलं नाही. आदेश वाचला, मग अपिलाचा मसुदा वाचला, ओळ सोडली नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील पुरे आता. मीही तेच म्हणायच्या बेतात होतो. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मी मोकळा झालो असतो.

बाबांनी एकच विचारलं. "यात खोटं काई लिवा लागते का?"

मी म्हटलं, नाही. तोल काकांचा आहे आणि अर्ज दिला त्या दिवशी अपील उभं होतं, एवढंच आहे.

"मंग पेन दे."

पहिल्या अपिलाच्या वेळी किती वेळ घेतला होता, तुला लिहिलंच होतं. या वेळी मांडीवर पाट घेतला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. रविवारी काकांना निरोप धाडला. काका आले, कागद पाहिला, नेहमीचंच विचारलं, "भाऊनं केली?" मी हो म्हटलं. त्यांनी पेन घेतलं. बाबा मागावरून म्हणाले, "पहिले वाच. मंग कर."

काकांनी चष्मा काढला, लावला. सगळं वाचलं. वाचायला फार वेळ लागला, मध्ये दोनदा मला शब्द विचारले. आई कातणी थांबवून पाहत होती. जिथं तोलाचं वर्णन आहे तिथं ते परत मागं गेले आणि पुन्हा वाचलं. मग सही केली. म्हणाले, "खिळा एक बोट पुढं, हे यात लिवलं नाई." मी म्हटलं, आता नवीन काही घालता येत नाही. म्हणाले, "बरं. तेवढं आपल्याजवळ राहू दे."

हे चालेल की नाही मला माहीत नाही. पुन्हा तीच वाट पाहणं, पुन्हा श्रावणभाऊ विचारतील. मी अजून चिडलेलाच आहे, ते कमी झालं असं समजू नकोस.

अजून एक कळवायचं राहिलं. कालच बाबांनी नवा ताणा सांधला. आज सकाळी गाठी फणीतून पुढं आल्या. कात्री घेऊन वाकले, आणि तसेच थांबले. मला हाक मारून म्हणाले, "रंजिताले लिव. जुनं शेपूट कापू का नको, तिले इचार."

आई हसत सुटली. मी नाही हसलो. कात्री काढून घेतली आहे. उत्तर येईपर्यंत ती माझ्याकडेच राहील.

चंद्रकुमार